पडदा स्वच्छ आहे

ताम्हिणी घाट उतरताना कानात दडे बसतात, यात सांगण्यासारखं काही नाही. गणपतीला पुण्याहून कोकणात जाणाऱ्या प्रत्येक गाडीत कुणी ना कुणी जबडा वाकडातिकडा करून जांभई ओढून आणत असतंच. आमच्याही गाडीत लिमलेटच्या गोळ्यांची पुडी फिरली. निजामपूर यायच्या आत एकेकाचे कान सुटत गेले. माझा उजवा सुटला. डावा नाही सुटला.

माणगावला चहाला थांबलो तेव्हा मी नाक चिमटीत धरून, तोंड घट्ट मिटून फुंकून पाहिलं. काही नाही. मुलगी म्हणाली, "आई, सगळे बघतायत." संध्याकाळी आत्याच्या कानावर घातलं, तर तिने पुढचं काही विचारायच्या आधी लसूणच सोलायला घेतला. आत्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. कोमट तेल कानात गेलं, वर कापसाचा बोळा बसला, आणि त्या रात्रीच्या आरतीत झांजा मला उजवीकडून लख्ख आणि डावीकडून गोधडीखालून ऐकू येत होत्या. शिवाय लसणीचा वास. (कानात असं तेल घालू नये, पडद्याला भोक असेल तर ते आत उतरतं, हे मला पुढे दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या सुरांत ऐकवलं. आत्याला मी ते अजून सांगितलेलं नाही.)

घाटाचं गणित सरळ आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. खाली कोकणात उतरलं की हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो आणि बाहेरची हवा कानाचा पडदा आत ढकलते. पडद्यामागच्या पोकळीत तेवढीच हवा पोचवायची वाट म्हणजे कानापासून नाकाच्या मागच्या बाजूला उतरणारी, साडेतीन सेंटिमीटरची एक नळी. सोळाव्या शतकातल्या युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव तिला चिकटलेलं आहे. एरवी ती मिटून असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. लिमलेटची गोळी कानाचं औषध ठरते ती एवढ्याचसाठी, की ती चघळताना माणूस सारखा आवंढा गिळतो. तेव्हा माझी ही नळी चोंदली आहे, हे निदान मी माणगावच्या टपरीवरच करून टाकलं. त्याला तारीख होती, ठिकाण होतं, साक्षीदार होते. इतकं भरभक्कम निदान चुकेल कसं?

मी मुद्रितशोधक आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा दिवाळी अंकांचा हंगाम, आणि त्या दिवसांत घरातलं दळण संपलेलंही माझ्या लक्षात येत नाही. टेबलावर एका बाजूला प्रुफं, दुसऱ्या बाजूला वाटीत फुटाणे. ऱ्हस्वदीर्घ बघत बघत वाटी कधी रिकामी होते ते कळत नाही. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाचा फोन आला की तो डावा खांदा उचलून कानाशी दाबायचा, म्हणजे हात मोकळे राहतात. हे सगळं इथे आत्ता सांगते आहे. पहिल्या डॉक्टरांना यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं, कारण कानाच्या डॉक्टरांना फुटाण्यांचं काय सांगायचं?

त्यांनी दुर्बिणीतून कानात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पडदा स्वच्छ आहे." मग नाकात मारायचा फवारा आणि रात्रीची एक गोळी, तीन आठवडे. तीन आठवडे मी मन लावून झोपाळले. दडा जागच्या जागी.

मग तपासण्या. काचेच्या बंद खोलीत कानावर हेडफोन चढवून बसायचं आणि बारीकसा 'टीं' ऐकू आला की बटण दाबायचं. आवाज इतके मंद होत जातात की शेवटी आपलंच रक्त ऐकू येतं, आणि बटण दाबावं की नाही असा नैतिक पेच पडतो. आलेख हातात पडला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. सगळे वरच्या पट्ट्यात, 25 डेसिबलच्या आत. दुसऱ्या तपासणीत कानात रबरी बूच बसवून आतल्या हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो ते मोजतात. त्याचा आलेख म्हणजे एक टेकडी. माझ्या दोन्ही कानांच्या टेकड्या सारख्याच, दोन्हींची शिखरं शून्यावर.

"नॉर्मल," ते म्हणाले. आनंदाने म्हणाले. मी पैसे दिले, चप्पल घातली आणि जिन्यात उभी राहून रडू आवरलं. नॉर्मल हा शब्द ऐकून रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं. काही सापडलं असतं तर निदान त्याला धरता आलं असतं.

त्या टेकडीचा अर्थ मला नंतर कळला. नळी खरंच चोंदलेली असती, तर आतली हवा शोषली जाऊन पडदा आत ओढला गेला असता आणि शिखर शून्यापासून उणे बाजूला सरकलं असतं. पाणी साठलं असतं तर टेकडीच राहिली नसती, सपाट रेघ आली असती. शिखर शून्यावर, याचा अर्थ पडद्याच्या आत आणि बाहेर दाब सारखा. म्हणजे माझ्या कानात दाब नव्हताच. दाब असल्याची जाणीव तेवढी होती, आणि ती दुसरंच कुणीतरी पाठवत होतं. माणगावचं निदान त्या कागदावर केव्हाच खोडलं गेलं होतं. मला तो कागद वाचता येत नव्हता इतकंच.

दुसऱ्या डॉक्टर बाई वयाने मोठ्या. त्यांनी कान पाहिला, नाकातून बारीक नळीची दुर्बीण घालून मागे जिथे ती युस्टाकीची नळी उघडते ती जागाही पाहिली. एकाच बाजूची तक्रार असेल तर तिथे बघितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, म्हणाल्या. तंबाखू, मिश्री, सुपारी? मी नाही म्हटलं. "आपल्याकडे हे विचारावंच लागतं. घसा, जिभेचं मूळ, टॉन्सिल इथलं दुखणंही कानात बोलतं, आणि कान बिचारा ठणठणीत असतो. सुपारीवाल्यांचं तर तोंडच उघडेनासं होतं." मग आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून दाखवली. "एवढी तोंडात जातात का बघा." माझी जेमतेम अडीच गेली.

यानंतर त्यांनी जे केलं ते पहिल्या ठिकाणी कुणी केलं नव्हतं. माझ्यामागे उभं राहून दोन्ही कानांच्या पुढे, जिथे कानाची छोटी पाळ गालाला मिळते तिथे बोटं ठेवली. "उघडा. मिटा. सावकाश उघडा." डावीकडे 'कट्' झालं. मला ते ऐकू आलं, त्यांना बोटांना लागलं. मग गालाच्या मागच्या कोपऱ्यात, चावताना जो गोळा टणक होतो त्यावर अंगठा दाबला, आणि मी खुर्चीतून उडाले. दुखलं गालात आणि वाजलं कानात. तोच दडा, तीच जागा, आतून बाहेर फुगल्यासारखी तीच भावना.

"सकाळी जास्त असतं?"

होतं. सकाळी कान अगदी शिसं ओतल्यासारखा असायचा, दुपारी जरा बरा, रात्री प्रुफं संपेपर्यंत पुन्हा जड.

"कुठल्या बाजूने चावता?" डावीकडून. उजवीकडची खालची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, ती बसवायची राहिली. "झोपेत दात खाता का?" आता हे मला कसं माहीत असणार? घरी येऊन नवऱ्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "पंधरा वर्षं. मला वाटलं तुला माहीत आहे."

दात खाणं. मराठीत हा किती नेमका शब्द आहे, आणि आपण त्याचं किती चुकीचं औषध करत आलो. लहानपणी झोपेत कुणी दात खाल्ले की घरातली मोठी माणसं म्हणायची, जंत झालेत, आणि दुसऱ्या दिवशी वावडिंग पुढ्यात यायचं. जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध असलाच तर भलताच पातळ. पण राग आला की दातओठ खायचे, भीतीने बसते ती दातखीळ, हे भाषेने टिपून ठेवलंय. आणि कानशील! कान आणि जबड्याचा स्नायू यांच्या शेजाराला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या जागेचा उपयोग मुख्यतः भडकावण्यासाठी. कानशिलावर बोटं ठेवून दात जरा आवळून बघा. बोटांखाली पंख्यासारखा पसरलेला एक स्नायू फुगतो. तो चावण्याचाच. नंतर दोन्ही करंगळ्या कानात हलकेच घालून तोंड उघडमीट करा. करंगळीच्या पोटाला जे सरकताना लागतं, ते खालच्या जबड्याचं डोकं. कानाची भिंत आणि जबड्याचा सांधा यांच्यामध्ये एवढंसंच अंतर आहे. मी हे गेल्या वर्षात निदान वीस जणांना करायला लावलं असेल. सगळ्यांचा चेहरा तोच होतो.

या सांध्यात हाडाहाडांमध्ये कूर्चेसारखी एक चकती असते, उशीसारखी. तोंड उघडताना जबड्याचं डोकं नुसतं गरगरत नाही, पुढेही सरकतं, आणि चकतीने त्याच्याबरोबर सरकायचं असतं. ती आधीच पुढे घसरलेली असली, तर डोकं तिच्यावर चढताना 'कट्' वाजतं. नुसतं वाजणं म्हणजे आजार नव्हे, हे बाईंनी दोनदा सांगितलं. कितीतरी लोकांचं आयुष्यभर वाजतं आणि दुखत कधीच नाही. माझं दुखणं सांध्यापेक्षा स्नायूंचं जास्त होतं. दिवसरात्र आवळलेले, विश्रांती न मिळालेले स्नायू.

पण स्नायू गालात आणि दडा कानात, हे कसं? इथे एकमत नाही, आणि मला ते बरं वाटलं. चावण्याच्या स्नायूंना जी नस हुकूम देते, तिचीच शाखा कानाच्या आतल्या एका इवल्याशा स्नायूला देते, जो पडदा ताणून धरतो. तिचीच आणखी एक शाखा टाळूच्या त्या स्नायूला, जो युस्टाकीची नळी उघडतो. आणि सांध्याची खबर मेंदूकडे नेणारी नस वाटेत कानाच्या भिंतीची आणि पडद्याच्या बाहेरच्या अंगाचीही खबर गोळा करत जाते. एका तारेवर इतक्या घरांची बिलं, तेव्हा मेंदूने एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर टाकली तर त्याला फार दोष देता येत नाही. यातलं नेमकं कोणतं कारण कुणाच्या कानात चालू असतं, ते अजून वादात आहे.

याहून मला वेड लावलं ते जुन्या हाडांनी. शाळेत आपण कानातली तीन हाडं पाठ करतो, हातोडी, ऐरण, रिकीब. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कानात एकच. मग आपल्याकडची दोन आली कुठून? जबड्यातून. पालीचा, सुसरीचा जबडा आजही ज्या दोन हाडांच्या सांध्यावर उघडतो, तीच दोन हाडं सस्तन प्राण्यांत आक्रसत, मागे सरकत कानात जाऊन बसली आणि हातोडी-ऐरण झाली. जबड्याने आपल्यासाठी नवा सांधा केला, तो हा, करंगळीला लागणारा. कार्ल राइखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1837 साली गर्भांचा अभ्यास करून हे सांगितलं. दगडातले पुरावे नंतर सापडले. मॉर्गन्युकोडॉन नावाचा, चिचुंद्रीएवढा, वीस कोटी वर्षांपूर्वीचा एक प्राणी आहे. त्याच्या जबड्यात जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारीशेजारी आहेत. आणि कांगारूच्या कुळातलं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची ही हाडं अजून जबड्यालाच जोडलेली असतात. आईला चिकटून दूध पिता पिता ती सुटी होऊन कानाकडे जातात. आपलंही आईच्या पोटात हेच होतं, फक्त बाहेर यायच्या आत उरकतं. म्हणजे मी माझ्या कानाची तक्रार करत होते, ती एका अर्थी जबड्याच्या विभक्त झालेल्या धाकट्या घराची तक्रार होती.

अर्थात यावरून माझ्या दड्याचं कारण सिद्ध होत नाही. कथा सुंदर आहे म्हणून ती कारण होत नाही. ही चूक माझ्याआधी एका मोठ्या माणसाने केलेली आहे. जेम्स कॉस्टन हे अमेरिकेत सेंट लुइसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. 1934 मध्ये त्यांनी 11 रुग्णांची हकिकत छापली. कान बंद झाल्यासारखा, कानात आवाज, कानाभोवती दुखणं, चक्कर. आणि बहुतेकांच्या मागच्या दाढा गेलेल्या. त्यांनी मांडलं की दाढा नसल्याने जबडा जास्त मिटतो, त्याचं डोकं मागे सरकून नसेवर आणि नळीवर दाबतं. त्या लक्षणसमूहाला त्यांचं नाव मिळालं, आणि पुढे कित्येक वर्षं लोकांच्या दातांची उंची वाढवण्याचा उद्योग चालला. मग शरीररचना जाणणाऱ्यांनी दाखवलं की ती नस त्या जागी अशी चेपली जाऊच शकत नाही. कारण मोडीत निघालं. रुग्ण मात्र खरे होते, त्यांचे कान खरेच बंद वाटत होते. कॉस्टन यांनी पाहिलं बरोबर, सांगितलं चूक. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. निदान कानाच्या डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं होतं.

तरी दातांच्या डॉक्टरकडे जाताना मी बिचकतच गेले. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "ताई, दात घासून बुटके करणं, सांध्यावर शस्त्रक्रिया, असलं काही आधी नाही. जे उलट फिरवता येतं तेच आधी." म्हणजे काय? फुटाणे बंद. चिक्की, ऊस, च्युइंगगम बंद. महिनाभर मऊ जेवण. मुगाची खिचडी, भाकरी दुधात कुस्करून. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून गालाला शेक. रात्री दातांवर चढवून झोपायला मापाचं आवरण, नाईट गार्ड. त्याने दात झिजणं थांबतं. खाणं थांबेलच असं नाही, हे त्याने आधीच सांगितलं.

आणि एक वाक्य: "ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला." खालचे आणि वरचे दात एकमेकांना टेकणं ही विश्रांतीची अवस्था नाहीच. चावताना, गिळताना टेकावेत, एरवी दोघांत दोन-चार मिलिमीटर हवा असावी. सत्तेचाळीस वर्षं मला वाटत होतं, तोंड मिटणं म्हणजे दात मिटणं.

हे आठवायचं कसं? मुलीने संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात माझी लाल टिकली चिकटवली. टिकली दिसली की दात सुटे करायचे. पहिल्या दिवशी मी हिशेब ठेवला: अठ्ठावीस वेळा नजर गेली, सव्वीस वेळा दात आवळलेले. 'कि' की 'की' ठरवताना आवळलेले. लेखकाने मुद्दाम तसं लिहिलंय की चुकून, हे ठरवताना तर इतके, की कानशील दुखावं.

त्याच दिवसांत माझ्याकडे एक कथा आली, तिच्यात प्रत्येक रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला. मी पहिली चार पानं एकेक रफार दुरुस्त करत बसले आणि मग खडू फेकावा तसं पेन फेकलं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ते झालं होतं. चूक कागदावर नव्हतीच, रूपांतरात होती. अक्षरजुळणी करणाऱ्याला फोन लावला, या खेपेला उजव्या कानाला, हातात धरून. तो म्हणाला, "करतो. तुमचा कान कसा आहे?" मी म्हटलं, घाटापासूनचं दुखणं, इतक्यात कुठलं जातंय. "घाट?" तो म्हणाला. "तुम्ही तर जुलैमध्येच म्हणाला होतात, डावीकडून नीट ऐकू येत नाही, थांबा, फोन बदलते."

जुलैमध्ये! मला काहीही आठवत नव्हतं. पण जुलैत मी एक साडेसातशे पानी चरित्र वाचत होते, हे आठवत होतं. ताम्हिणीने फक्त माझं लक्ष वेधलं होतं.

बरं झालं का, असं लोक विचारतात. महिन्याभराने सकाळचा दडा दहा वाजेपर्यंत सुटायला लागला, मग आठला, मग चहाच्या आधी. दिवाळीनंतर एके दिवशी तो आलाच नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. आता तो पाहुण्यासारखा येतो. मार्चमध्ये आला होता, एका हट्टी कवितासंग्रहाबरोबर. 'कट्' अजून वाजतंच. तीन बोटं मात्र जातात.

ज्यांना हे वाचून आपला कान आठवला असेल, त्यांच्यासाठी बाईंचं सांगणं जसंच्या तसं: आधी कान दाखवा. जबडा नंतर. आणि एका रात्रीत ऐकू येणं खरंच कमी झालं, तर तेल, शेक, लेख, कशाचीही वाट न बघता त्याच दिवशी जा. त्याचं औषध वेळेतच लागू पडतं.

काढलेली दाढ अजून बसवलेली नाही. टिकली मध्ये एकदा पुसापुशीत पडली, तिच्या जागी दुसरी लावली, जरा मोठी. हा लेख लिहिताना तिच्याकडे अकरा वेळा नजर गेली. सहा वेळा दात सुटे होते. कॉस्टनच्या परिच्छेदात सगळ्या वेळा आवळलेले.